अंगद आचाऱ्याचा करदोडा

आमच्या सोनबरडीत कुणी नुसतं 'आमटी' म्हटलं, तर ती अंगदची समजायची. घरोघरी रोज होते तिला कालवण म्हणतात. अंगद आचारी पंचावन्न वर्षांचा, पोट घमेल्यासारखं, आवाज नाजूक, आणि हातात डाव आला की चेहऱ्यावर सर्जनची गंभीरता. जामखेडपासून खर्ड्यापर्यंत लग्न, साखरपुडा, दहावा, वास्तुशांत, जिथं म्हणून शंभराच्या वर पानं उठायची तिथं अंगदला बोलावणं जायचं. लग्न मोडलेलं ऐकलंय, पण अंगदची तारीख मिळाली नाही म्हणून पुढं गेलेलं लग्नसुद्धा आमच्याकडं आहे. नवरा-नवरी अजून त्याला दोष देतात, लग्न पुढं गेल्याचा नव्हे, झाल्याचा.

पण या सगळ्या कामांवर त्याचा जीव नव्हता. जीव होता एकाच कढईवर. चैत्रात हनुमान जयंतीला गावचा सप्ताह उठतो, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि मग सगळं गाव मारुतीच्या देवळासमोर जेवतं. त्या दिवसाची आमटी बावीस वर्षं अंगद करत होता आणि त्याच्या आधी तीस वर्षं त्याचे वडील गहिनीनाथ तात्या. पैसा एक मिळत नाही. नारळ आणि टॉवेल मिळतो. त्या टॉवेलांवर अंगदच्या घरात कुणी अंग पुसत नाही. बावीसच्या बावीस घड्या घालून पेटीत ठेवलेत.

तर अशा या माणसाला गेल्या लग्नसराईत कमरेला खाज सुटली.

आधी शेंगदाण्याएवढा चट्टा होता. अंगद जगातली प्रत्येक गोष्ट खाद्यपदार्थानं मोजतो, तेव्हा ही मापं त्याचीच. पंधरा दिवसांत शेंगदाण्याची पुरी झाली. गोल, कडा फुगलेली, मधे मात्र बरी दिसणारी. दोन भट्ट्यांच्या मधे मे महिन्यात उभं राहायचं, घाम पायजम्याच्या नाडीपाशी साचायचा, आणि पुरी फुगायची. अंगद जामखेडला सुनीलच्या मेडिकलमध्ये गेला. सुनीलकडं आमचा सगळा तालुका जातो. आपण काउंटरवर हात टेकून जे काय होतंय ते सांगायचं, तो मागं न बघता फळीवर हात घालतो आणि जे हाताला लागेल ते आपलं औषध. त्यानं एक ट्यूब दिली, म्हणाला, ही कशावरपण चालते.

आणि ती चालली की. दुसऱ्या दिवशी खाज बंद, चौथ्या दिवशी कातडी साफ. अंगदनं खूश होऊन ती ट्यूब आणखी सहा जणांना सुचवली. उरलेली अर्धी मागून गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली, परत लागली तर असावी म्हणून. महिन्याभरात परत लागली. या खेपेला एका पुरीच्या जागी तीन होत्या. पुन्हा ट्यूब, पुन्हा चार दिवस सुख, पुन्हा खाज, आणि आता मांडीच्या सांध्यापर्यंत. पावसाळा संपेस्तोवर अकरा ट्यूबा झाल्या आणि पुऱ्यांची भाकरी झाली. अंगदच्या डोक्यात काही केल्या हिशोब बसेना. औषध लागू पडतं म्हणावं तर रोग जात नाही, आणि लागू पडत नाही म्हणावं तर चार दिवस कातडी नव्या ताटासारखी दिसते. "ह्यो रोग न्हाई," तो म्हणायचा, "ह्यो पाव्हणा हाय. जातो म्हणतो आन् वळकटी घिऊन येतो."

मग गावानं औषधं सांगायला सुरुवात केली. आमच्या गावात कुणाला ताप आला तर लोक भेटायला येतात, पण खाज सुटली तर शिकवायला येतात. शेजारच्या कडूबाईंनी टाकळ्याचा पाला ताकात वाटून लावायला सांगितला, तो आठ दिवस लावला. कुणी गंधक सांगितलं, कुणी लिंबू. लिंबू लावल्यावर अंगदनं जे काय शब्द काढले ते सप्ताहाच्या गावात शोभणारे नव्हते. पाथर्डीकडच्या एका वैद्यानं पथ्य दिलं: आंबट बंद, वांगं बंद, शेंगदाणा बंद, डाळ बंद. आचाऱ्याला डाळ बंद. आमटीची चव घ्यायची नाही म्हणून अंगद नुसता वास घेऊन मीठ टाकायला लागला आणि एका साखरपुड्यात दोन्हीकडचे पाहुणे पाण्याच्या टाकीभोवती जमा झाले.

नंतर नगरला. बसच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडात नगर, आणि अंगदच्या तोंडात 'तिकडं'. तिकडं एक मोठा दवाखाना होता, काचेचा, आत गारवा, भिंतीत मासे. त्यांनी रक्त काढून घेतलं, तीन हजार दोनशे घेतले आणि आठ दिवसांनी चार पानी रिपोर्ट दिला. त्यात ऐंशी गोष्टींची नावं होती आणि अंगदला धूळ, झुरळ आणि कोळंबी या तिन्हींची अॅलर्जी निघाली. अंगदनं आयुष्यात कोळंबी पाहिलेली नाही. तो रिपोर्ट घेऊन देवळापाशी सगळ्यांना विचारत होता की ही कोळंबी असते कुठं, आणि ती आपल्या कमरेला आली कशी. शिवाय सहा बैठकांचं पॅकेज सांगितलं, बारा हजाराचं. तेवढ्यात दोन नव्या कढया येतात, म्हणून अंगद उठून आला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण मार्गशीर्षात एका लग्नात अंगद मोठ्या कढईपुढं उभा होता, हातात चार फुटी डाव, आणि पाठीच्या खाली जिथं हात पोचत नाही तिथं एकदम कळ उठली. त्यानं डाव उलटा केला, लांब दांड्यानं दोन ओढी काढल्या, डाव सुलटा केला आणि आमटी ढवळली. हे नवरीच्या मामानं पाहिलं. अंगद अजून शपथेवर सांगतो की दांड्यानं खाजवलं, तोंडानं नाही. पण बातमीला दांडा नसतो, तोंडच असतं, आणि ती सोनबरडीत अंगदच्या आधी पोचली.

सप्ताह कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब. मोठे मोजके बोलणारे गृहस्थ. बोलायच्या आधी चष्मा पुसतात, त्यामुळं समोरच्याला घाबरायला वेळ मिळतो. त्यांनी अंगदला देवळात बोलावलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अंगदा, आमटी तुझ्याच हातची पायजे. पर तुझ्या हाताला दुसरं काम नगं."

ठरलं असं की चैत्रापर्यंत कंबर साफ झाली तर कढई अंगदची. नाही झाली तर खर्ड्याचा करण. करण हा नव्या पद्धतीचा केटरर, हातमोजे, डोक्याला पांढरी टोपी, पोरांच्या शर्टावर नाव छापलेलं. त्याची आमटी चवीला गरम असते, एवढंच तिच्याबद्दल चांगलं बोलता येतं. अंगद त्या दिवशी घरी जेवला नाही. पेटी उघडून टॉवेल मोजत बसला.

माघात मी त्याला घेऊन पुन्हा नगरला गेलो, माळीवाड्याच्या स्टँडपासून चालत जाण्यासारख्या एका लहानशा दवाखान्यात. बाहेर बाकडं, आत डॉक्टर रेश्मा, वय तिशीच्या पुढंमागं, चेहऱ्यावर झोप कमी झालेल्या माणसाचा समजूतदारपणा. फी तीनशे. मासे नाहीत. त्यांनी कातडीवरून थोडा भुसा खरवडून काचेवर घेतला, थेंब टाकला, थोड्या वेळानं यंत्रातून पाहिला, त्याचे दीडशे घेतले, आणि सांगितलं की ही बुरशी आहे, गजकर्ण. कोळंबीचा यात काही संबंध नाही. अंगदला त्या बिचारीबद्दल बरं वाटलं.

मग काय काय लावलं ते विचारलं. अंगदनं खिशातून बारावी ट्यूब काढून अभिमानानं टेबलावर ठेवली. ती पाहून बाईंनी डोळे मिटले. त्यांनी समजावून सांगितलं की हिच्यात खाज दाबणारं औषध आहे, त्यानं लाली जाते, माणूस खूश होतो आणि बुरशी आतून निवांत पसरते. अंगद आचारी असल्यामुळं त्याला हे एका वाक्यात कळलं: वरचा जाळ ओढला, खालचे निखारे तसेच. उपायही साधा होता. गोळ्या आणि साधं मलम, सहा ते आठ आठवडे, आणि कातडी साफ दिसायला लागली तरी पुढं दोन आठवडे थांबायचं नाही. कपडे गरम पाण्यात धुवायचे, उन्हात उलटे वाळवायचे, टॉवेल वेगळा. घरात आणखी कुणाला खाज असली तर त्यालाही सोबत आणायचं, नाहीतर एकाचं जाईल आणि दुसऱ्याकडून परत येईल. महिन्याचा खर्च औषधं धरून चौदाशेच्या आसपास.

इथं अंगद पुन्हा गोंधळला. जो रोग अकरा ट्यूबांना, एका वैद्याला आणि तीन हजाराच्या रक्ताला पुरून उरला, तो चौदाशेत कसा जाईल? त्यानं हळूच विचारलं की यापेक्षा भारी काही नाही का. बाई हसल्या. आणि हसता हसता त्यांचं लक्ष त्याच्या कमरेकडं गेलं.

"हे काय आहे?"

"करदोडा हाय, म्याडम."

"किती दिवसांचा?"

"आवंदाचा न्हाई. चार-पाच वरसं झाली आसतील."

"हा काढा. आजच. आणि नवा दोराही बांधू नका, तोही घाम पिणार. घाम, तेल, बुरशी, सगळं यात बसलंय. तुम्ही वरून औषध लावणार आणि हा खालून परत देणार."

अंगदनं बंडी खाली ओढून दोरा झाकला. मग म्हणाला, "म्याडम, वडील हायत."

"असू देत की. त्यांनाही खाज आहे का? घेऊन या."

आता हे बाईंना कोण सांगणार? आमच्याकडं काळा दोरा बारशाला कमरेला बांधतात तो बांधतात. जुना झाला तर आधी नवा बांधायचा आणि मग जुना सोडायचा, कंबर घटकाभरही मोकळी ठेवायची नाही. करदोडा तुटतो एकदाच, बाप गेल्यावर, नदीवर, लोकांच्या समोर. त्यामुळं बाप जिवंत असलेल्या माणसाला 'करदोडा काढ' म्हणणं म्हणजे काय, हे समजावून सांगायला अंगदकडं शब्द नव्हते आणि बाहेर बाकड्यावर नऊ पेशंट होते. तो 'बरं' म्हणाला आणि उठला.

बसनं वाटेतलं कडा गाव सोडलं. तसा अंगद म्हणाला, "समज, म्या तोडला. आन् आठ दिसांनी तात्या गेले. वय शहाऐंशी हाय. मानूस जाणारच. पर गाव काय म्हनंल?" त्यानंच उत्तर दिलं. "अंगदनं खाजंपायी बाप घालवला."

आणि तात्या हे जाण्याच्या बाबतीत भरवशाचे नव्हते. वीस वर्षं दर थंडीत ते जाहीर करायचे की हा आपला शेवटचा हिवाळा. उन्हाळ्यात दोन भाकऱ्या, दूध आणि ठेचा खाऊन ते पुन्हा पुढच्या हिवाळ्याची तयारी करत. अंगदला ते कसं कळावं की कोणता हिवाळा खरा?

म्हणून त्यानं मधला मार्ग काढला. गोळ्या सुरू केल्या, मलम सुरू केलं, कपडे उकळायला टाकले आणि करदोडा चार बोटं वर सरकवला, बरगड्यांपाशी. बुरशीला पत्ता सापडणार नाही अशी त्याची समजूत. तीन आठवड्यांत कमरेचे चट्टे फिके पडले आणि बरगड्यांपाशी बरोबर दोऱ्याच्या रेषेवर शेंगदाण्याएवढे नवे चट्टे उठले, ओळीनं, जणू कुणी पेरणी केलीय. मग तो जामखेडला सराफाकडं चांदीचा करदोडा विचारायला गेला, कारण चांदी धुता येते. सराफानं त्या दिवसाचा भाव सांगितला. अंगदनं बाकड्यावर बसून पाणी मागितलं. डॉक्टरीणबाईंच्या औषधात सबंध गल्लीची खाज गेली असती एवढी ती रक्कम होती.

हे सगळं तो घरात कुणाला सांगत नव्हता. पण कपडे धुणार कोण? त्याची बायको मनकर्णा. महिनाभर तिनं त्याच्या बंड्या, पायजमे, टॉवेल उकळत्या पाण्यातून काढले आणि एक दिवस तिच्या मनगटाच्या वर पुरीएवढा गोल उठला. तिनं तो अंगदला दाखवला आणि डॉक्टरणीनं काय सांगितलंय ते सगळं सांग म्हणाली. सगळं, काही न वगळता. त्यानं सांगितलं. मग ती उठली आणि सासऱ्याकडं गेली.

हे काही लहान नाही. तेहतीस वर्षांत मनकर्णा तात्यांशी दोनच वाक्यं बोलली होती, 'मामंजी, वाढलंय' आणि 'मामंजी, दूध घ्या'. तात्या लिंबाखाली बाजेवर सुपारी कातरत होते. ती डोक्यावरचा पदर नीट करून उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. दोरा, बुरशी, सप्ताह, चांदीचा भाव, स्वतःचं मनगट. तात्यांचा अडकित्ता तेवढ्यापुरता थांबला. अंगद दाराआडून ऐकत होता; त्याला वाटलं, आता तात्या तिथंच आडवे होणार.

तात्यांनी हाक मारली. अंगद येऊन उभा राहिला. पंचावन्न वर्षांचा, पोट पुढं, मान खाली.

"म्हंजी ह्यो दोरा मला धरून हाय व्हय?" तात्या म्हणाले.

अंगदला कळेना की व्हय म्हणावं की न्हाई.

"म्या सात वरसाचा हुतो," तात्या म्हणाले. "बाप गेला तवा नदीवर न्हाव्यानं माझा करदोडा तोडला. लई दीस म्या त्या न्हाव्यावर डूख धरून हुतो. मला वाटायचं, त्यानं तोडला नसता तर बाप उठला असता." त्यांनी अडकित्ता पुन्हा उचलला. "म्या सात वरसाचा हुतो. तू किती वरसाचा हाय?"

मग त्यांनी त्याची बंडी वर करायला लावली, दोन बोटांनी दोरा ओढून घेतला आणि सुपारी कातरावी तसा अडकित्त्यात धरला. पाच वर्षांचा घाम, तेल आणि मसाला प्यायलेला दोरा होता, एका दाबात तुटेना. तिसऱ्या दाबाला तुटला. मनकर्णानं तो चिमट्यानं उचलला आणि चुलीत टाकला.

अंगद तात्यांकडं पाहत होता, तात्या अंगदकडं. दोघंही वाट पाहत होते. लिंबावर एक कावळा येऊन बसला तेव्हा दोघांनी एकदमच वर पाहिलं. कावळा उडून गेला. तात्यांनी अर्धी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "चा टाका."

चौथ्या दिवशी तात्यांना शिंक आली.

शिंकेचा एवढा गवगवा आमच्या गावात पूर्वी कधी झाला नसेल. तात्यांना सर्दी झाली, सर्दीचा खोकला झाला, आणि अंगदची अवस्था विचित्र झाली. कमरेचे चट्टे दिवसेंदिवस जात चालले होते, त्याचा आनंद मानावा तर तात्या खोकत होते. कंबर बरी दिसली की त्याला भीती वाटायची. कधी तरी खाज सुटली तर त्याला हायसं वाटायचं, म्हणजे अजून सगळं गेलेलं नाही. जामखेडच्या बाजारातून त्यानं नवा करदोडा आणून खिशात ठेवला होता, वेळ आली तर पटकन बांधता यावा म्हणून. वेळ आल्यावर बांधून काय होणार, हे त्याला विचारलं तर तो वैतागायचा.

दुपारी तात्या पडले की हा शेजारी बसून त्यांची छाती वरखाली होते का ते बघायचा. तात्यांच्या हे लक्षात आलं. एकदा त्यांनी मुद्दाम श्वास धरला. अंगदनं अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, मनकर्णा पिठाच्या हातानं धावत आली, आणि तात्या हसता हसता एवढे खोकले की खरंच काहीतरी व्हायची वेळ आली. नंतर त्यांनी अंगदच्या खिशातला करदोडा मागून घेतला आणि त्या दोऱ्यानं आपल्या काठीची चिरलेली मूठ बांधून टाकली. सर्दी आणखी आठ दिवस राहिली आणि सर्दी जाते तशी गेली. या सर्दीचं औषध, मनकर्णाच्या गोळ्या, अंगदच्या गोळ्या, दोनदा नगरचं भाडं, सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत बसलं. रेश्माबाईंनी दुसऱ्या भेटीत मोकळी कंबर पाहून शाबासकी दिली. त्या शाबासकीमागं काय काय घडलं होतं ते त्यांना अजून माहीत नाही.

सप्ताहाला पाच दिवस असताना कमिटीनं कंबर पाहायचं ठरवलं. देवळामागं भांड्यांची खोली आहे, तिथं आबासाहेब, कमिटीचे चौघं आणि मी. अंगद मध्ये उभा, बंडी छातीपर्यंत गुंडाळलेली. मोबाईलची बॅटरी लावली. आबासाहेबांनी चष्मा पुसला आणि घोडा विकत घेताना फिरावं तसे ते त्याच्याभोवती एक फेरी फिरले. कातडी स्वच्छ होती. करपलेल्या भाकरीसारखे काळसर डाग तेवढे राहिले होते; ते जायला महिने लागतात असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, तो कागद अंगदनं पुढं केला. सगळ्यांच्या माना हलल्या. पास.

आणि मग आबासाहेबांचा हात हवेत थांबला.

"अंगदा," ते हळू आवाजात म्हणाले, "करदोडा कुठंय?"

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. एकानं डोक्यावरची टोपी काढली.

"तात्या?" आबासाहेब म्हणाले.

"घरी हायत. जेवत्यात."

टोपी परत डोक्यावर गेली, पण प्रश्न काही गेला नाही. बाप असताना उघडी कंबर, हे कमिटीनं कधी पाहिलं नव्हतं. उघडी कंबर म्हणजे सुतक, आणि सुतकातल्या माणसाच्या हातचा काल्याचा प्रसाद गावाला कसा वाढायचा? एकजण म्हणाला, पण कुणी गेलेलंच नाही तर सुतक कुणाचं? दुसरा म्हणाला, हेच शास्त्रात सांगितलेलं आहे. कोणत्या शास्त्रात, ते त्याला आठवेना. तिसऱ्यानं सुचवलं की एक दिवसापुरता दोरा बांधावा; अंगद म्हणाला, म्याडमनी अजून दोन महिने काही बांधू नको म्हणून सांगितलंय. चौथा म्हणाला, तर मग करणला फोन लावावा, त्याची कंबर कुणी पाहिलेली नाही. चार महिन्यांपूर्वी अंगदला कढईपासून दूर करणारी गोष्ट त्याच्या कमरेवर होती. आता जी गोष्ट कमरेवर नव्हती तीच त्याला दूर करत होती. तो मध्ये उभाच होता, बंडी वर धरून, आणि कुणी खाली घे म्हणत नव्हतं.

मी तात्यांना घेऊन आलो. ते काठी टेकत आत आले, सगळ्यांकडं पाहिलं आणि भांड्यांच्या ढिगावर बसले.

"मला कळलं ते आसं," तात्या म्हणाले, "म्या जिता हाय का न्हाई, एवढंच कमिटीला ठरवायचं हाय. तर बघा आन् ठरवा. मला बसून राह्यला सांगू नका, माझं गुडघं दुखत्यात."

आबासाहेबांनी चष्मा पुसला. या खेपेला बराच वेळ पुसला. ते म्हणाले की आपल्याला दिसतंय हे खरं, पण काल्याला आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं येतात, दीड-दोन हजार पानं उठतात. अंगदचा करदोडा तुटलेला आता सगळ्यांना माहीत होणार, आणि तात्या आहेत हे प्रत्येकाला कोण सांगत बसणार? यावर चर्चा झाली. चहा आला. शेवटी ठराव झाला तो असा, की कढई अंगदची. मात्र भट्टी पेटल्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंत तात्यांनी कढईशेजारी बसायचं, सगळ्यांना दिसेल अशा बेतानं.

काल्याच्या दिवशी पहाटे भट्टी पेटली. कढईच्या उजव्या अंगाला बाज टाकली होती, वर मंडपाचं कापड, आणि बाजेवर तात्या, धुतलेलं धोतर, फेटा, हातात काठी. अंगद डाव हातात धरून उभा होता आणि दोन्ही हात डावावरच होते. तात्यांनी सकाळपासून मीठ, तिखट आणि जाळ या तिन्ही बाबतींत सूचना दिल्या. अंगदनं एकही ऐकली नाही, म्हणून आमटी चांगली झाली. कीर्तन सुटलं, पंगती बसायला लागल्या, आणि माणसं पानावर बसण्याआधी रांगेनं बाजेपाशी यायला लागली. कसं काय तात्या, बरं हाय ना? तात्या हात वर करायचे, बरं हाय. पुढचा माणूस, कसं काय तात्या? एका म्हातारीनं त्यांच्या हाताला चिमटा काढून पाहिला आणि मग जेवायला बसली.

दोन वाजेपर्यंत तात्यांना जिवंत असण्याचा कंटाळा आला. अजून चार पंगती बाकी होत्या. त्यांनी फेटा काढून उशाशी ठेवला.

"अंगदा," ते म्हणाले, "जरा पडू का? का त्येला बी कमिटीला इचारायचं?"

अंगदनं कढईतून डाव न काढता समोरच्या रांगेकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं.

"पडा," तो म्हणाला. "पर डोळं उघडं ठिवून."